हिमालयन ४११ स्पिती-लेहला न्यायची आहे, काय बसवू आणि काय सोडू?

तवंदी घाटवाला (निपाणी)

नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या शेवटी निघायलोय. निपाणी ते पुणे, मग गुजरात-राजस्थान करत वर, शिमल्याकडनं किन्नौर, काझा, कुंझुम खिंड ओलांडून ग्रांफूला खाली, तिथनं केलाँग, लेह आणि परतीला कारगिल-श्रीनगर. रजा मंजूर झालीय, घरातनं पण मंजुरी आहे, आईला फक्त मनालीपर्यंत म्हणून सांगितलंय तेवढं इथं कोण ओळखीचं असेल तर पोटात ठेवा.

गाडी हिमालयन ४११, बीएस६, सेकंड हँड घेतलेली. पहिला मालक गोकाकचा, गाडी फक्त ऑफिसला न्यायचा, त्यामुळं इंजिन एकदम शांत आहे पण चेन, टायर, ब्रेक पॅड सगळं मूळचंच. सोबत चिकोडीचा मित्र, त्याची एक्सपल्स २००. मागं बसणारं कोण नाही, दोघं आपापल्या गाडीवर एकटे.

बजेट चाळीस हजार, ओढून-ताणून पन्नास. व्हिडिओ बघून बघून डोकं आउट व्हायची वेळ आलीय, जो तो काहीतरी वेगळंच बसवून दाखवतोय आणि खाली विकत घ्यायची लिंक देतोय. आतापर्यंत माझ्या वहीत जे जमलंय ते असं: अॅल्युमिनियमचे दोन साइड बॉक्स, इंजिनखाली लावायचा मोठा सम्प गार्ड, हँडल उंच करायचे रायझर, दोन एलईडी फॉग लाईट, मोबाईल चार्जर, मोठ्या आवाजाचा फ्री-फ्लो सायलेन्सर, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमी, दहा-दहा लिटरचे दोन पेट्रोल कॅन, आणि टाकीला मॅट ऑलिव्ह ग्रीन कलर. माझी उंची पाच फूट चार इंच, सीटवर बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकत नाहीत, चवड्यावर उभा राहतो, म्हणून गाडी खाली घ्यायची लिंक पण एकानं सुचवलीय. इथला एक गॅरेजवाला म्हणतोय सगळं चार दिवसात करून देतो, गाडी सोडून जा. म्हणून आधी इथं विचारायलोय. यातलं खरंच काय लागतं?

---

उद्यमबाग आर्गॉन (बेळगाव)

भावा, मी पार्ट विकत नाही, वेल्डिंग-बेंडिंगचं शेड आहे आपलं, गोव्याला नाहीतर वर जाणाऱ्या गाड्या येत असतात म्हणून चार गोष्टी सांगूलोय. बॉक्स बनवून देण्यात मला पैसे जास्ती मिळतात, तरी पण तुला बॉक्स नको म्हणतो. तुझी गाडी पेट्रोल-ऑइल भरून १९९ किलोची आहे. अॅल्युमिनियमचे बॉक्स आणि त्यांची फ्रेम मिळून रिकामेच पंधरा किलोच्या आसपास जातात, अजून त्यात एक चड्डी पण टाकलेली नसते. बॉक्स मोठा असला की माणूस तो भरतोच, जागा आहे म्हणून स्टोव्ह घेतो, जागा आहे म्हणून दुसरे बूट घेतो, आणि मग कच्च्यात गाडी ऊसाच्या डबल ट्रॉलीसारखी मागनं शेपटी हलवायला लागते. आणखी एक, गाडी कच्च्यात आडवी झाली आणि पाय बॉक्सखाली सापडला तर नडगी जाते. कापडी सॅडलबॅग असली तर पाय निघतो. कुलूप लावता येतं हा बॉक्सचा फायदा खरा आहे, पण तुम्ही दोघं आहात, एक जण चहा घेईल, एक जण गाडीकडं बघेल.

सॅडलबॅगला पण फ्रेम मात्र पाहिजेच, नाहीतर बॅग सायलेन्सरला लागून जळते नाहीतर चाकात जाते. फ्रेम एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या पाइपची करून घे. स्टेनलेस चमकतं बरोबर आहे, पण तुटलं तर काझात किंवा केलाँगमधे कोण जोडणार? साध्या लोखंडाला ट्रॅक्टर रिपेरी करणारा पण साध्या रॉडनं टाका मारून देतो. अॅल्युमिनियमला आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं, ते वाटेत सगळीकडं असत नाही. डाव्या-उजव्या फ्रेमला मागनं नंबर प्लेटखाली एक आडवी पट्टी जोडलेली पाहिजे. ती नसली की प्रत्येक खड्ड्यात फ्रेम बाहेर उघडते आणि वरचा बोल्ट तुटतो, आमच्याकडं परत येणाऱ्या फ्रेममधे बहुतेक वेळा हेच असतंय.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असलेले) नट, आणि जिथं नायलॉक बसत नाही तिथं आट्यांना लावायचा निळा गोंद, थ्रेडलॉक. सगळं टाइट झालं की बोल्टच्या डोक्यावरनं फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ मार. रोज संध्याकाळी पाना घेऊन बसायची गरज नाही, नुसती नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट ढिला झालाय.

चॅसीला वेल्डिंग अजिबात करू देऊ नको, जे काय बसवायचं ते गाडीच्या मूळच्या बोल्टवर नाहीतर क्लॅम्पवर. आणि कोण गाडीवर बसल्या जागी टाका मारतो म्हणाला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) कपलर काढ, आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लाव. हे न करता टाका मारला आणि ईसीयू गेला तर तुझं अर्धं बजेट तिथंच संपलं.

सम्प गार्ड मात्र घालच. ग्रांफू ते कुंझुम पट्ट्यात नुसते गोटे आहेत आणि मधे मधे नाले. ४ एमएम अॅल्युमिनियमची प्लेट पुरते, लोखंडाच्या मानानं वजन एक तृतीयांश. पण कुठली प्लेट ते विचार. ६०६१ टी-६ कडक असते, तिला तीक्ष्ण वाकवली की बेंडवर बारीक चीर जाते जी रंगाखाली दिसत नाही, आणि पहिल्या दगडाला तिथंच तुटते. ५०५२ वाकायला चांगली. ऑइल ड्रेनच्या बोल्टसमोर भोक ठेवायला सांग, नाहीतर प्रत्येक ऑइल चेंजला गार्ड काढत बस. गार्ड इंजिनला चिकटवून नको, मधे बोटभर तरी जागा आणि बोल्टला रबर बुश.

चार दिवसात सगळं करून देतो म्हणणाऱ्याकडं गाडी सोडून मात्र जाऊ नको गा. समोर थांबून करून घे.

---

अथणी एक्सप्रेस

आमचे काका स्प्लेंडरवर उज्जैन करून आले की ओ, एक पण बोल्ट न बदलता. तुम्ही लोक जायच्या आधीच पन्नास हजार घालवताय. 😄

---

तिसरं गेट, टिळकवाडी

@अथणी एक्सप्रेस, काकांना माझा नमस्कार सांगा, ते बरोबरच आहेत, पण उज्जैनला डांबर आहे ना.

@तवंदी, आधी उंचीचं बोलते, कारण माझी पाच फूट दोन आणि हीच गाडी. लोअरिंग लिंक बसवू नको. ४११ ला सीटची उंची ८०० मिमी आणि खाली जागा २२० मिमी, लिंक घातली की ही जागाच कमी होते, म्हणजे एका हातानं सम्प गार्ड बसवायचा आणि दुसऱ्या हातानं इंजिन दगडाजवळ न्यायचं. शिवाय साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं आडवी होते. त्यापेक्षा सीटवाल्याकडं जाऊन पुढच्या बाजूचा फोम दोन्ही कडांनी तासून घे. मधला फोम नाही, कडांचा. मांड्या आत येतात आणि पाय सरळ खाली जातो. मधला काढलास तर राजस्थान यायच्या आधीच बूड बोंबलायला लागेल. आणि जाड सोलचे बूट. बाकी दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं काही नाही, एक पूर्ण टेकला तर बास, थांबताना कुठल्या बाजूला खड्डा आहे ते बघून दुसऱ्या बाजूचा पाय सोडायचा, एवढी सवय लागली की झालं.

रायझर उभं राहून चालवायला चांगले, पण बसवून झाल्यावर गॅरेजमधनं हलायच्या आधी एक टेस्ट कर. गाडी चालू, न्यूट्रल, आणि हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं. आरपीएम जरा जरी वाढला तर एक्सलेटर केबल ताणली जातेय. अशी गाडी घाटाच्या हेअरपिनला हँडल वळवलं की आपोआप रेस होते, आणि मग दरी. क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकची होज पण तशीच बघ. ताण असेल तर कमी उंचीचे रायझर घे नाहीतर सोडून दे.

क्लच केबलवरनं आठवलं, स्पेअर केबल बॅगेत ठेवायची नसते. जुन्या केबलच्या शेजारनं त्याच वाटेनं ओढून ठेव, दोन्ही टोकं टेपनं गुंडाळून, मधे दोन-तीन झिप टाय. केबल तुटली की टाकी काढायची गरज नाही, नुसती टोकं बदलायची. पावसात भिजत रस्त्याच्या कडेला टाकी उघडून बसायची हौस असेल तर बॅगेत ठेव.

आता मागचा शॉकअप. सामान लादून गाडी मागनं दबली की पुढचा लाईट आभाळात जातो आणि हँडल हलकं होतं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सी-स्पॅनरनं वाढवायचा, आणि तो पण सगळं सामान लादून स्वतः बसून, मित्राला मागनं बघायला सांगून. रिकाम्या गाडीवर सेट करून उपयोग नाही. पुढच्या फोर्कचं ऑइल मूळचंच असेल तर बदल, सील पण. कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) तपास: सेंटर स्टँडवर लाव, पुढचं चाक उचल, हँडल हळू फिरव, मधोमध अडकल्यासारखं लागलं की कोनसेट गेलाय. हे असलं काम व्हिडिओत कोण दाखवत नाही कारण दिसायला काहीच नवीन दिसत नाही.

आणि मेन सांगायचं म्हणजे टेस्ट. जुलैच्या पावसात, पूर्ण सामान लादून, पूर्ण पेट्रोल भरून, बेळगाव-जांबोटी-कणकुंबी-चोर्ला घाट-साखळी-दोडामार्ग, आणि परत तिलारी घाटानं वर, पाटणे फाटा, शिनोळी, घरी. कणकुंबीचा पाऊस आणि तिलारीचा चढ दोन्ही एकाच दिवसात मिळतात. काय गळतंय, काय सैल होतंय, कुठल्या बॅगेत पाणी जातंय ते सगळं तिथंच कळेल, आणि बंद पडलीच तर घरनं टेम्पो मागवता येतो. वाटेत भीमगडच्या जंगलात ऑफरोड म्हणून गाडी घालू नको हां, अभयारण्य आहे.

---

तवंदी घाटवाला

ताई, हे सीटचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. सेंटर स्टँडवर लावून आत्ता बघितलं, हँडल मधोमध आल्यावर खरंच किंचित अडकतंय. म्हणजे पहिला खर्च ठरला.

आर्गॉन दादा, बॉक्स कॅन्सल. पण स्प्रॉकेट आणि सायलेन्सरवर कोणच बोललं नाही अजून. वर पॉवर कमी पडते म्हणतात ना?

---

खानापूरचा सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, लडाखात पोस्टिंग झालेली आहे, आता गावाकडं शेती. गाडीतलं मला तुमच्याएवढं कळत नाही पण तिथल्या हवेचं कळतं.

पहिलं, तो ऑलिव्ह ग्रीन रंग विसरा. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्स १९८९, नियम १२१, हा रंग फक्त डिफेन्सच्या गाड्यांना. बेळगावात कॅम्पातनं गेलात तर नाक्यावरच उभं करतील, आणि वर तर प्रत्येक चेकपोस्टला आमची पोरं आहेत. निळा मारा, पिवळा मारा, आणि तो पण आरसीत नोंद करून.

दुसरं, पॉवर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब खालच्या निम्मा असतो. तुम्ही 'तांगलांग ला' ही खिंड ओलांडणार, ती ५,३२८ मीटर. म्हणजे तुमच्या २४ घोड्यांतले अर्धे तिथं झोपलेले. सायलेन्सर बदलून ते उठत नाहीत कारण हवाच नाही. ट्रकांची पण तीच गत असते, ते पहिल्या-दुसऱ्या गियरमधे मुकाट्यानं चढतात, तुम्ही पण तसंच चढा. तुमची गाडी फ्यूल इंजेक्शनची आहे म्हणजे पेट्रोलचं मिश्रण ती स्वतः सांभाळते, आमच्या वेळच्या कार्बोरेटरच्या गाड्या काळा धूर सोडत वर जायच्या आणि जेट बदलत बसायला लागायचं.

तिसरं, पेट्रोल. वीस लिटर कशाला? मनाली-लेह रोडवर तांदीच्या पंपावर पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटर.  तुमची टाकी १५ लिटरची. चढ, सामान, कच्चा रस्ता धरून २५ चा अॅव्हरेज धरला तरी ३७५ निघतात. काठावर आहे, म्हणून एक ५ लिटरचा कॅन, बास. तो पण तांदीला भरायचा. बेळगावपासनं भरलेला कॅन मिरवत न्यायचा नाही. एक्सपल्सची टाकी १३ ची आहे पण ती पितेही कमी. काझाला पंप आहे, तिथनं फुल करूनच कुंझुमकडं निघा.

चौथं, नाले. बर्फाचं पाणी आहे ते, दुपारी ऊन वाढलं की पाणी वाढतं. पहाटे ओलांडा. जो नाला सकाळी घोट्याएवढा असतो तोच दुपारी गुडघ्याला येतो. आधी चालत जाऊन तळ बघा, मग गाडी.

पाचवं, झोप. केलाँग किंवा जिस्पाला झोपा, सरचूला नको, ते चार हजार मीटरच्या वर आहे आणि डोकेदुखीनं रात्रभर तळमळाल. तुम्ही स्पितीमार्गे येताय हे चांगलं केलंत, हळूहळू चढता येतं. लेहला पोचल्यावर दोन दिवस कुठंही जायचं नाही. आणि कर्नाटकचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, एक पोस्टपेड करून घ्या. आईला फोन लागला पाहिजे. मनालीत आहे म्हणून सांगायला तरी.

---

तवंदी घाटवाला

सुभेदार साहेब 🙏 शेवटच्या वाक्याला घरातले सगळे हसायला लागले, मी मोठ्यानं वाचत होतो, म्हणजे आईला पण कळलं.

---

घटप्रभा ऑटो इलेक्ट्रिक

मला लाईटवरच बोलायचंय, बाकी तज्ञ आहेत इथं. फॉग लाईट लावणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांना रिले (मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच) नसतो, डायरेक्ट स्विचवरनं करंट घेतलेला असतो. हिशोब सोपा आहे, ४० वॉटचे दोन लाईट म्हणजे ८० वॉट, १२ व्होल्टला जवळपास पावणेसात अँपियर. हँडलवरच्या त्या इवल्याशा बटणातनं हा करंट रोज गेला की बटण वितळतं, आणि वितळतं नेमकं रात्री पावसात. बॅटरीपासनं वायर, बॅटरीच्या एकदम जवळ फ्यूज, मग रिले, मग लाईट. बटण फक्त रिलेला चालू करणार. रिलेचा ट्रिगर पार्किंग लाईटवरनं घ्या, म्हणजे चावी काढली की सगळं बंद, बॅटरी उतरत नाही. मोबाईल चार्जरला पण तसाच वेगळा फ्यूज.

वायर जोडताना नुसतं पिळून टेप मारू नका. आपल्या खानापूर साइडच्या पावसात चार महिन्यात टेप सुटतो आणि आत हिरवं पडतं. सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव, कपलरला ग्रीस. आणि हँडलच्या मानेजवळनं जाणारी वायर सैल ठेवा, हँडल पूर्ण दोन्हीकडं फिरवून बघा. एका गिऱ्हाइकाची गाडी डावीकडं वळवली की बंद पडायची, उजवीकडं वळवली की चालू. सगळे पंप, प्लग, सेन्सर बदलून झाले होते आणि शेवटी मानेत चेंगरलेली एक वायर निघाली.

लाईट पिवळा घ्या, पांढरा नको. धुक्यात पांढरा समोर भिंत उभी करतो. आणि डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या एलईडीवर कर्नाटकात २०२४ पासनं केसेस चालू आहेत जोरात. लाईट खालच्या बाजूला वाकवून लावा आणि गावात बंद ठेवा.

---

केए बावीस एमएच नऊ

लाईटवरनं कायद्याचा विषय निघालाच आहे तर, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधे हेच सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली असल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या.

सम्प गार्ड, बॅगेची फ्रेम, रायझर असल्या बोल्टवर बसणाऱ्या आणि काढता येणाऱ्या वस्तूंना माझ्या बघण्यात कुणी हात लावलेला नाही. पण सायलेन्सर हा पहिला धरतात, कारण तो लांबनं ऐकू येतो. आपल्या नशिबात तर डबल आहे, केए पासिंग घेऊन कागलला गेलं की तिकडचे थांबवतात, आणि एमएचवाला कोगनोळीच्या अलीकडं आला की इकडचे. वर तुम्ही सहा-सात राज्यांतनं जाणार, प्रत्येक ठिकाणी केए पासिंग म्हणजे पाहुणाच. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमधे ठेवा आणि एक झेरॉक्स सीटखाली प्लॅस्टिकमधे. सेकंड हँड आहे म्हणताय तर आरसी नावावर झालीय का ते आधी बघा, नसेल झाली तर बाकी सगळं बाजूला.

---

उद्यमबाग आर्गॉन (बेळगाव)

सुभेदार साहेबांनी सायलेन्सरचं काम तमाम केलंय, आता स्प्रॉकेट मी सांगतो. तुझं पुढचं १५ दातांचं आहे. १४ केलं की ओढ सुमारे सात टक्के वाढते, चढाला बरं वाटतं हे खरं. पण निपाणी ते शिमला दोन हजारांच्या वर किलोमीटर हायवे आहे, तिथं सगळा वेळ इंजिन सात टक्के जास्त फिरणार, जास्त तापणार, जास्त पिणार. खरा कच्चा रस्ता त्या मानानं थोडासाच. मी म्हणेन चेन सेट नवीन टाक, पण मूळच्या दातांचाच. जुनी चेन आणि नवीन स्प्रॉकेट अशी काटकसर करू नको, चेन दात खाते.

टायरला पण हाच हिशोब. पूर्ण गाठीचे टायर दिसायला भारी, पण गुजरात-राजस्थानच्या डांबरावर ऐन भादव्याच्या उन्हात मागचा टायर घासून जाणार आणि स्पितीत पोचल्यावर गाठी शिल्लक राहणार नाहीत. डांबर जास्त कच्चा कमी असा टायर घे, दोन्ही नवीन. तुझी चाकं स्पोकची, म्हणजे ट्यूब. २१ इंचाची ट्यूब घेच, अडचणीला ती मागच्या १७ च्या चाकात पण घडी घालून कोंबता येते, पुढच्या गावापर्यंत पोचवते. टायर काढायच्या पट्ट्या तीन, हातपंप, आणि निघायच्या आधी घरच्या अंगणात एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघ. पुस्तकात सोपं असतं, टायरची कड रिमवरनं सुटतच नाही खरी. मित्राच्या गाडीचा साइड स्टँड टायरवर ठेवून ती गाडी त्याच्यावर कलवायची, मग सुटते.

आणि बीएस६ ला मागचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद करायचं बटण आहे, ते कच्च्या उतारावर वापरायला आत्तापासनं शिक. त्याला पैसे पडत नाहीत.

---

तवंदी घाटवाला

सगळ्यांचं वाचून वही नवीन केली. आरसी नावावर झालेली आहे, ती काळजी मिटली. सायलेन्सर, १४ चं स्प्रॉकेट, लोअरिंग लिंक, बॉक्स, रंग आणि एक कॅन यांच्यावर काट मारली. त्या पैशात कोनसेट, फोर्क ऑइल आणि सील, चेन सेट, दोन्ही टायर, ब्रेक पॅड, स्पोक टाइट करणं, क्लच केबल एक जास्तीची, पुढच्या ब्रेकचा आणि क्लचचा लिव्हर, प्लग, ट्यूब हे बसतंय. फ्रेम आणि सम्प गार्ड आर्गॉन दादांकडं, सॅडलबॅग मित्राची जुनी आहे ती धुऊन घेतो, वॉटरप्रूफ राहिलेली नाही म्हणून आत खताच्या पोत्यातली प्लॅस्टिकची आतली पिशवी घालणार. लाईट पिवळे, रिले घालूनच. रायझर अजून ठरवलेले नाहीत, उभं राहून चालवून बघतो आधी.

मित्रानं मात्र एक्सपल्सला फ्री-फ्लो बसवला कालच. आवाज चिकोडीपासनं निपाणीला ऐकू येतोय. त्याला हा धागा पाठवलाय, वाचून "बघूया" म्हणाला.

दादा, गाडी कधी घेऊन येऊ?

---

उद्यमबाग आर्गॉन (बेळगाव)

शनिवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर लाईट जाते. सॅडलबॅग सोबत आण आणि आत जे भरणार आहेस ते सगळं भरून आण, रिकाम्या बॅगेवर फ्रेमचं माप घेतलं की नंतर बॅग फुगून सायलेन्सरला टेकते. गाडी धुऊन आण गा, मागच्या वेळी एक जण ऊसाच्या शेतातनं डायरेक्ट आला, अर्धा तास नुसता चिखल खरवडत बसलो.

---

तिसरं गेट, टिळकवाडी

शनिवारी उद्यमबागेत येतच आहेस तर रायझर विकत घ्यायच्या आधी माझ्या गाडीवर बसून बघ, माझ्याकडं बसवलेले आहेत. मेसेज कर. आणि मित्राला पण घेऊन ये, त्याचा सायलेन्सर आम्हाला पण ऐकायचाय.